ऐनवेळचा विषय

गेल्या मंगळवारी आमच्या अग्निशमन मंडळाची मासिक सभा झाली. विषयपत्रिकेवर 14 विषय होते. मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे, बिलांना मंजुरी, छपराची गळती, कॉफीचं यंत्र, आणि विषय क्रमांक 7 : जवानांच्या खोलीतल्या चार आरामखुर्च्या बदलाव्यात की कसं. आगीचा विषय नव्हता. तो कधीच नसतो. आग ऐनवेळच्या विषयांत येते, आणि तीही अध्यक्षांची परवानगी न घेता.

मध्य न्यू जर्सीतल्या आमच्या गावात आग विझवायला पगारी माणसं नाहीत. एक प्लंबर, एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर, एक विमा एजंट, कॉलेजात जाणारी दोन पोरं, असे लोक कमरेला पेजर लावून हिंडतात. पेजर वाजला की भरल्या ताटावरून उठायचं, फायरहाऊसवर धावायचं, वीस-पंचवीस किलोचा सरंजाम अंगावर चढवायचा आणि दुसऱ्याच्या जळत्या घरात शिरायचं. फुकट. अमेरिकेतल्या दर तीन अग्निशामकांपैकी साधारण दोन या जातीचे आहेत. माझ्या सांगलीच्या मामाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे त्यांना नंतर नगरसेवकाचं तिकीट देत असतील."

बंब मात्र फुकट येत नाही. साधा पंपर घ्यायचा तर दहा लाख डॉलरच्या घरात, शिडीचा हवा असेल तर त्याच्या दुप्पट तयारी ठेवावी लागते, आणि मागणी नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. हा पैसा लोकांच्या घरपट्टीतून येतो. घरपट्टी आली की देखरेख आली. म्हणून न्यू जर्सीच्या कायद्यानं अग्निजिल्ह्यांवर, म्हणजे अग्निशमनापुरत्या आखलेल्या भागांवर, पाच-पाच निवडून आलेल्या कमिशनरांचं मंडळ बसवलं आहे. मुदत तीन वर्षं. आमच्या पाचांतला एक मी.

मी निवडून आलो, हे वाक्य लिहिताना अजून छाती फुगते. तपशिलात शिरलं की ती आपोआप खाली बसते. आमची निवडणूक असते फेब्रुवारीतल्या तिसऱ्या शनिवारी, दुपारी दोन ते रात्री नऊ. बाहेर गुडघाभर बर्फ, आत मतपेटीपाशी स्वेटर विणत बसलेल्या दोन आजी. त्याच दिवशी लोकांनी जिल्ह्याचं अंदाजपत्रकही मंजूर करायचं असतं. लाखो डॉलरचा निकाल एका लहानशा मुंजीला येतात तेवढी माणसं लावतात, आणि त्यांतली निम्मी जवानांची बायकापोरं असतात. आता ही निवडणूक नोव्हेंबरात, मोठ्या निवडणुकीबरोबर घ्यायची मुभा आहे. आमच्या मंडळानं तो प्रस्ताव एकमतानं फेटाळला. नोव्हेंबरात लोक मतदानाला येतात.

जागा एक होती आणि उमेदवार कोणीच नव्हता. शेजाऱ्यांनी मतपत्रिकेवर माझं नाव हातानं लिहिलं. 11 मतं पडली. त्यांतल्या दोघांनी आडनाव चुकवलं होतं, ती वैध धरावीत का यावर मंडळाच्या वकिलांनी अर्धा तास घेतला. तासाला त्यांचा दर काय आहे हे मला नंतर बिलं मंजूर करताना कळलं. घरी येऊन बातमी सांगितली. बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला कधी सिलिंडरचा रेग्युलेटर बसवता आला नाही. वरच्या मजल्यावरचे नेने यायचे बसवायला."

तिला एक गोष्ट ठाऊक नव्हती. या कामाला आगीचं ज्ञान लागत नाही, सभेचं लागतं. आणि सभा म्हटलं की मराठी माणसाला शिकवणी लावावी लागत नाही. तिकडे भारतात सोसायटीत मी नऊ वर्षं सेक्रेटरी होतो. गच्चीवर पापड वाळत घालण्याच्या हक्कावर तीन सर्वसाधारण सभा तहकूब झालेल्या मी पाहिल्या आहेत. इथे सभा चालते ती हेन्री रॉबर्ट नावाच्या लष्करी इंजिनियरनं 1876 साली छापलेल्या नियमांनी. त्याला म्हणे एका चर्चमधल्या सभेचं अध्यक्षपद दिलं आणि ती हाताबाहेर गेली, तेव्हापासून तो नियमांच्या मागे लागला. त्याच्या पुस्तकाचं भाषांतर मला करावंच लागलं नाही. सूचक, अनुमोदक, उपसूचना, हरकतीचा मुद्दा, सगळी आपलीच माणसं. फक्त "सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली" असं इतिवृत्तात लिहायची पद्धत इथे नाही. मी ती सुरू करून पाहिली. वकिलांनी "खेळीमेळी"ची व्याख्या मागितली.

या सगळ्याचे मूळपुरुष बेंजामिन फ्रँकलिन. 1736 साली त्यांनी फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी काढली. तीस सभासद, प्रत्येकानं आगीसाठी कातडी बादल्या आणि सामान वाहायला पिशव्या जय्यत ठेवायच्या. महिन्याच्या सभेला दांडी मारली तर दंड, आणि दंडाच्या त्या पैशातून बंब आणि शिड्या घेतल्या गेल्या. मला ही योजना इतकी आवडली की आपल्याकडेही दंड लावावा असं मी सुचवलं. दलाच्या चीफनं शांतपणे विचारलं, "सभेला गैरहजर राहिलं तर, की आगीला?" मी सूचना मागे घेतली. पाच कमिशनरांपैकी आम्ही तिघं आगीला आजवर एकदाही हजर राहिलेलो नाही.

मामाचा नगरसेवकाचा टोमणाही अगदीच वाया जायला नको. न्यूयॉर्कमधल्या भ्रष्ट राजकारणाचा दादा विल्यम ट्वीड सुरुवातीला अशाच एका बिनपगारी बंब-पथकाचा म्होरक्या होता. त्या काळी पथकापथकांत पाण्याच्या तोटीवरून मारामाऱ्या व्हायच्या, आणि हाणामारी रंगात येईपर्यंत घर जळून जायचं. शेवटी 1865 साली न्यूयॉर्कनं पगारी दल आणलं. गणपतीच्या मिरवणुकीत पुढे कोण आणि मागे कोण यावरून ढोल थांबलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना मी याहून जास्त सांगायला नको.

आमच्या मंडळातली माझी खरी कामगिरी सांस्कृतिक आहे. जिल्ह्यातल्या फ्लॅटच्या इमारतींमधून वारंवार धोक्याची घंटा वाजायची. बंब जायचा, जवान जिन्यानं धापा टाकत तिसरा मजला गाठायचे, आणि दार उघडणारी गृहिणी हातात झारा घेऊन ओशाळं हसायची. नोंदवहीत प्रत्येक वेळी "चुलीवरचं अन्न". चीफला पॅटर्न उमगेना. मी त्याला आमच्या स्वयंपाकघरात नेलं, तेल कडकडीत तापवलं, मोहरी, हिंग, वर चार सुक्या मिरच्या. खोकून खोकून डोळे पुसत तो म्हणाला, "हे तुम्ही मुद्दाम करता?" आता त्याच्या मासिक अहवालात स्वतंत्र रकाना आहे : फोडणी. श्रावणात आणि वास्तुशांतीच्या मुहूर्तांना त्याच्या बाजूला दुसरा रकाना उघडावा लागतो, होमाचा.

गेल्या वर्षी नवा बंब आला तेव्हा मात्र चीफ आणि मी एका पंगतीला बसलो. इकडे नव्या बंबाला "वेटडाऊन" करतात. आजूबाजूच्या गावांचे बंब येतात, त्याच्यावर पाण्याचे फवारे सोडतात, आणि मग सगळे मिळून तो हातानं ढकलत घरात नेतात. घोडे ओढायचे त्या काळची आठवण. मी म्हटलं, आम्ही दसऱ्याला हेच करतो, फक्त पाण्याऐवजी हळदकुंकू. नारळ फोडायचा ठराव मांडला. करवंटीचा तुकडा उडून कोणाला लागला तर जबाबदारी कोणाची, असा प्रश्न विमा कंपनीकडे गेला आहे. दरम्यान बंब जुना व्हायला लागला.

तर मंगळवार. विषय क्रमांक 7. चीफचं म्हणणं, खुर्च्यांचे स्प्रिंग गेलेत, पोरं रात्रभर तिथेच असतात. खजिनदाराचं म्हणणं, आरामखुर्ची हे अग्निशमनाचं साहित्य आहे का? पोशाखाला दहा वर्षांची मुदत असते, होजपाइपची दरवर्षी चाचणी होते; खुर्चीचं आयुष्य किती, याला आधार काय? मी उपसूचना मांडली की दोन सदस्यांच्या उपसमितीनं खुर्च्यांची प्रत्यक्ष बसून पाहणी करावी. अनुमोदन मिळालं. अध्यक्ष मत घेणार, एवढ्यात खोलीतले सगळे पेजर एकदम किंचाळले.

प्रेक्षकांतले अकरा जण उठले. चीफ उठला. पाचांतले दोन कमिशनर जवानही आहेत, तेही उठले. पाचवा कमिशनर आधीच फ्लोरिडाला गेलेला. अर्ध्या मिनिटात बंब दारातून बाहेर, आणि खोलीत आम्ही दोघं, मी आणि खजिनदार. गणपूर्तीला तीन लागतात. वकील म्हणाले, आता तुम्हाला सभा तहकूब करता येईल किंवा गणपूर्तीची वाट पाहता येईल. ठराव करता येणार नाही. आम्ही वाट पाहिली. वकिलांचं मीटर चालू होतं.

अकरा वाजता ते परतले. गादीला आग, वरच्या मजल्यावर, आजोबा वाचले, एवढंच एकानं सांगितलं आणि तो होजपाइप धुवायला गेला. खोलीभर जळक्या स्पंजाचा वास. अध्यक्षांनी काळवंडलेल्या हातानं हातोडी उचलून सभा पुन्हा सुरू केली. उपसूचना मंजूर झाली, आणि आम्ही दोघं लगेच टॉर्च आणि कागद घेऊन जवानांच्या खोलीत पाहणीला गेलो.

चारही खुर्च्यांवर माणसं झोपली होती. कॉलेजातल्या पोराचा एक बूट अजून पायात होता. खजिनदारानं टॉर्च विझवला. इतिवृत्तात नोंद आहे : विषय क्रमांक 7 पुढील सभेपर्यंत स्थगित; कारण, साहित्य वापरात होतं.