पेन्शनचा आपला हात जगन्नाथ

मार्च 2023 मध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत संपावर गेले, तेव्हा त्यांच्या घरचे नळ दुरुस्त करणारा प्लंबर कामावर होता. संप करायचा तर कुणाविरुद्ध? त्याचा मालक तोच. घोषणा द्यायच्या तर आरशासमोर द्याव्या लागल्या असत्या.

सरकार त्याला विसरलंय असं मात्र कुणी म्हणू नये. 2019 पासून ‘प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन’ आहे. अठराव्या वर्षी महिना 55 रुपये भरायला लागायचं, तेवढेच सरकार घालतं आणि साठीनंतर दरमहा 3,000 रुपये. महागाई दरसाल 6 टक्के धरली, तर बेचाळीस वर्षांनंतरच्या या 3,000 रुपयांत आजच्या 260 रुपयांचा बाजार येईल. पिशवी लहान न्यावी. शिवाय नाव नोंदवताना मासिक उत्पन्न 15,000 रुपयांच्या वर नको आणि वय चाळिशीच्या पुढे नको. म्हातारपणाची धास्ती वाटू लागते ती नेमकी चाळिशीनंतर, तोवर दार बंद झालेलं असतं.

अटल पेन्शन योजनेत 1,000 ते 5,000 रुपयांची हमी आहे, वयाची अट तीच. आयकर भरणाऱ्यांना ऑक्टोबर 2022 पासून तिथेही प्रवेश नाही.

अॅपवर बिर्याणी पोचवणाऱ्यांची सोय सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. कंपनीने वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के त्यांच्यासाठी द्यायचे, तेही या कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या 5 टक्क्यांपर्यंतच. संहिता संसदेत मंजूर झाली 2020 मध्ये, लागू झाली नोव्हेंबर 2025 मध्ये. बिर्याणीला एवढा उशीर झाला असता तर?

खरी गंमत बऱ्यापैकी कमावणाऱ्या फ्रीलान्स डिझायनरची. त्याच्यासाठी 2009 पासून एनपीएस खुली आहे. पण नव्या करप्रणालीत सवलत मिळते ती मालकाने नोकराच्या खात्यात भरलेल्या रकमेवर, मूळ पगाराच्या 14 टक्क्यांपर्यंत. डिझायनरने स्वतःच्या खात्यात स्वतः भरले तर शून्य. तो स्वतःचा मालक आहे, हे क्लायंट मानतात, सासरचे नाइलाजाने मानतात, दरसाल अडीच हजारांचा व्यवसाय कर घेताना राज्य सरकारही मानतं. आयकर खात्याला मात्र त्याच्यात मालक दिसत नाही. आणि नोकरही दिसत नाही, कारण पगारदारांना मिळणारी 75,000 रुपयांची प्रमाणित वजावटही त्याला नाही. जुनी करप्रणाली निवडली तर एनपीएसवर थोडीफार सवलत मिळते, पण मग कराचे दर जुने.

उरतो बिचारा पीपीएफ. 1968 पासूनचा, पंधरा वर्षांचा, व्याज एप्रिल 2020 पासून 7.1 टक्क्यांवर बसून. धंदा बुडाला आणि घेणेकऱ्यांनी कोर्टाचा हुकूम आणला, तरी या पैशाला हात लावता येत नाही. स्वतंत्र व्यावसायिकासाठी याहून उपयोगी कलम शोधून सापडणार नाही. वर्षाला कमाल दीड लाख, ही मर्यादा 2014 पासून हललेली नाही. अर्थात ती गाठायची तर पैसे 31 मार्चच्या आत खात्यात पडायला हवेत. त्यासाठी डिझायनर जानेवारीतल्या बिलाची आठवण करायला फोन करतो. पलीकडून अकाउंट्सवाले सांगतात, “आत्ता मार्च एंड चाललाय हो, एप्रिलमध्ये बघू.”