चौरंग करावयाचा असल्यास

सुतारकामाचा छंद करायला सुतारकाम यावं लागतं, असा एक गैरसमज समाजात पसरलेला आहे. प्रस्तुत लेखकाला गेल्या सहा वर्षांत पटाशीने सरळ खाच पाडता आलेली नाही आणि त्याने मारलेला रंधा पाहून शेजारचं मूल एकदा रडलं होतं. तरीही जुळे सोलापुरातल्या त्याच्या घराची पार्किंगची जागा आज सुतारशाळा म्हणून ओळखली जाते आणि स्कूटर बाहेर उन्हात उभी असते. हे कसं साधलं, असं पुष्कळ जण विचारतात. (घरचेही विचारतात, फक्त त्यांचा सूर वेगळा असतो.) नवोदितांच्या सोयीसाठी ती पद्धत इथे क्रमाने देत आहे.

पहिली पायरी : निमित्त

हत्यारं घ्यायची तर आपल्याला अमुक एक वस्तू बनवायची आहे, असं आधी जाहीर करावं लागतं. वस्तू लहान निवडावी, म्हणजे संशय येत नाही. तिला देवाधर्माचं अंग असावं, म्हणजे विरोध होत नाही. आणि ती वर्षातून एकदाच लागणारी असावी, म्हणजे मुदत हुकली तर आपोआप एक वर्ष वाढवून मिळतं. या सगळ्याला पुरून उरते अशी एकच वस्तू आहे : गणपतीचा चौरंग. चार पाय आणि वर एक फळी.

घरातून विचारणा होईल, "अहो, बाजारात तयार मिळतो की!" उत्तर पाठ करून ठेवावं. "तो प्लायचा असतो, वर सनमायका चिकटवलेला. बाप्पाला अस्सल सागवान नको का?" यावर पुढचा प्रश्न येत नाही.

दुसरी पायरी : सोयरीक

बिनवायरच्या हत्यारांत ड्रिल हा नुसता करवला असतो. लग्न लागतं ते बॅटरीशी. म्हणून आधी घराणं बघावं. निळ्यांचं, म्हणजे बॉशचं घराणं १८८६ सालचं, स्टुटगार्टचं. मोरपंखी रंगाचे मकिता १९१५ पासूनचे, नागोयाचे. विजेच्या मोटारी विकण्या-दुरुस्त करण्यापासून वर आलेले. पिवळे डिवॉल्ट १९२४ चे, अमेरिकेतले. तिन्ही घरं खानदानी आहेत, पण त्यांच्यात रोटी-बेटी व्यवहार नाही. एकाची बॅटरी दुसऱ्याच्या हत्यारात बसत नाही. त्यामुळे एकदा ड्रिल आणलं की सँडर, जिगसॉ, गोल करवत, झालंच तर पाला उडवायचा ब्लोअर, सगळं त्याच घरातून आणणं ओघाने येतं. (आमच्या अंगणात कढीपत्त्याचं एक झाड आहे. ब्लोअर घेतला आहे.)

व्होल्टच्या आकड्यांनी नवखा माणूस रात्र रात्र जागतो. अमेरिकेत डिवॉल्टच्या ज्या खोक्यावर '२० व्होल्ट मॅक्स' छापतात, तीच वस्तू युरोपात १८ व्होल्टची होते. आत दोन्हीकडे ३.६ व्होल्टच्या पाच सेलची ओळ, गुणाकार १८. नुकत्याच भरलेल्या सेलचा दाब चारच्या थोडा वर असतो, तो धरला की २०. मुलाकडच्यांनी पगार सांगताना दिवाळीचा बोनस मिळवून सांगावा, त्यातला प्रकार. एवढं कळल्यावर तरी माणूस शांत झोपेल, असं वाटतं. तो ५ अँपिअर-तासांची घ्यावी की ६ ची, या नादाला लागतो.

इथे ५ ची घ्यावी, विशेषतः भाचा अमेरिकेत असेल तर. सुट्या बॅटऱ्या विमानात हातातल्या बॅगेतूनच आणाव्या लागतात आणि १०० वॉट-तासांच्या वर गेलं की विमान कंपनीची परवानगी लागते. १८ गुणिले ५ म्हणजे ९०. भाचा सुटतो, आपणही सुटतो. चार्जर मात्र तिकडून मागवू नये. तो १२० व्होल्टचा, आपल्या भिंतीत २३०. आमच्या एका स्नेह्यांनी तो तसाच लावला. आवाज झाला, वास आला, आणि नवा चार्जर घ्यायला कारण मिळालं. छंदात असं काहीच वाया जात नाही.

आता सोलापूरची खास अडचण. मकिताच्या माहितीपुस्तिकेत सांगितलंय, की बॅटरी १० ते ४० अंशांत चार्ज करावी आणि ५० च्या घरात तापेल अशा जागी ठेवू नये. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४३-४४ होतं. पत्र्याखाली किती होतं हे कळायला थर्मामीटर हवा. (घेतला आहे.) तेव्हा उन्हाळाभर बॅटऱ्या बेडरूममध्ये, एसीत. त्यांचा चार्जरही तिथेच. हा चार्जर गुणी आहे, बॅटरी भरली की सूर लावतो. पहिल्याच आठवड्यात त्याने रात्री दोन वाजता सूर लावला. तेव्हापासून उन्हाळ्यात मी गच्चीवर झोपतो. बॅटऱ्या आतच असतात.

माल घरी कधी उतरवावा, हेही शास्त्र आहे. आपल्या शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, हे दुःख मानू नये. पाण्याच्या दिवशी घरातला प्रत्येक माणूस बॅरल, टाकी आणि पाइप यांच्यामागे धावत असतो. दाराशी कोण आलं, केवढं खोकं ठेवून गेलं, याकडे बघायला कुणाला सवड नसते. कुरिअरची तारीख पाण्याच्या वाराशी जुळवून घ्यावी. माझी तीन हत्यारं आणि एक टेबल-सॉ अशा रीतीने भरलेल्या बॅरलांच्या आडोशाने घरात आलेली आहेत.

तिसरी पायरी : डबे

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची. किंबहुना आधीच्या दोन पायऱ्या इथवर येण्यासाठीच असतात.

जर्मनीतल्या फेस्टूलने १९९३ मध्ये सिस्टेनर नावाचा डबा काढला. साधारण ४० सेंटिमीटर लांब, ३० रुंद. उंची हवी तेवढी, पण लांबी-रुंदी ठरलेली. त्यामुळे कोणताही डबा कोणत्याही डब्यावर बसतो आणि खटका दाबला की दोघे एकमेकांना धरून राहतात. मग बॉशने आपले डबे काढले, डिवॉल्टने काढले, २०१७ मध्ये लाल रंगाच्या मिलवॉकीने पॅकआउट काढले. आता हत्यारासाठी डबा घेणारे मागे पडले असून डब्यात जागा रिकामी दिसते म्हणून हत्यार घेणारी पिढी पुढे आलेली आहे.

डब्याच्या आत फोम घालावा आणि त्यात हत्याराच्या आकाराचा खळगा कापावा. पट्टीलाही खळगा, पेन्सिलीलाही खळगा. मी हे काम चालू असताना आई काठी टेकत आली, बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या पाटल्या चाळीस वर्षं तांदळाच्या डब्यात होत्या रे." आधीच्या पिढीला नियोजनाचं महत्त्व नव्हतं, ते असं.

डबे रचताना एक नियम आपोआप पाळला जातो : हवं ते हत्यार सर्वांत खालच्या डब्यात असतं. ते काढायला वरचे पाच उतरवावेत, काम करावं, पाच परत चढवावेत. चढवून झाल्यावर लक्षात येतं, की स्क्रू खालीच राहिले. यालाच व्यायाम म्हणतात.

मग या डब्यांना रॅक लागतो. रॅक विकत घेणं छंदाला शोभत नाही, तो स्वतः करावा लागतो. रॅक करायला टेबल-सॉ लागतो, सॉ ठेवायला चाकांचं टेबल, कापलेली फळी पलीकडे अलगद उतरावी म्हणून आणखी एक टेबल, आणि दोन्ही टेबलं काटकोनात आहेत की नाहीत हे बघायला तीन आकारांचे गुण्ये. सहा वर्षांत या सुतारशाळेत चार वस्तू तयार झाल्या. चारही तिथेच उभ्या आहेत, कारण त्या तिच्याचसाठी केल्या होत्या. आपलं हे मागांचं गाव. मागावर धोटा इकडून तिकडे गेला की सूतभर का होईना, कापड वाढतं. माझ्याकडेही धोटा सहा वर्षं फिरतोय. कापड नाही, पण माग चांगलाच वाढलाय.

एका खरेदीची मात्र मी थट्टा करणार नाही : भुसा ओढून घेणारं यंत्र आणि नाकाला चांगला मास्क. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात बसवलं. आणि फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालू नयेत. पातं आधी मोजा ओढतं, मग हात. अमेरिकेत स्टीव्ह गॅस नावाच्या पदार्थविज्ञान शिकलेल्या वकिलाने १९९९ मध्ये असा सॉ बनवला, की पात्याला कातडी लागली की ते पाच मिलिसेकंदांत जागच्या जागी थांबतं. प्रात्यक्षिकाला सॉसेज वापरतात. आमच्या मंडळात हे काकडीवर करून पाहावं असा प्रस्ताव आला होता. एकदा थांबलं की ब्रेकचा भाग आणि बहुधा पातंही नवं घ्यावं लागतं, हे कळल्यावर काकडीची कोशिंबीर झाली.

चौथी पायरी : लाकूड

यावर सांगण्यासारखं फारसं नाही. मी वखारीत एकदाच गेलो. "सीपी सागवान दाखवा," म्हणालो. मालकाने घनफुटाचा भाव सांगितला. मी सगळ्या हत्यारांचा मिळून झालेला खर्च आठवला आणि म्हणालो, "बापरे, लाकूड केवढं महाग झालंय!" त्यातूनही एक फळी घेतली. तो म्हणाला, "मशिनवर रंधा मारून देऊ का? पाच मिनिटांचं काम." मी घाईघाईने नको म्हणालो. घरी विजेचा रंधा होता, आणि तो असण्याचं समर्थन असं पाच मिनिटांत कुणाच्या हाती देणं बरं नव्हे. फळी रॅकच्या वर ठेवली आहे. लाकूड मुरू द्यावं लागतं.

पाचवी पायरी : मिस्त्रींपासून सावध राहणे

गेल्या वर्षी पावसाळ्यात देवघराचं दार फुगलं. विजेचा रंधा तळच्या डब्यात होता, मी डबे उतरवायला घेतले. चौथा डबा उतरेपर्यंत घरातून मिस्त्रींना फोन गेला होता. ते कापडी पिशवी घेऊन आले. पिशवीत एक रंधा, दोन पटाश्या, एक करवत आणि अर्धी पेन्सिल. ती कानावर गेली. दार उतरवलं, आठ-दहा हात मारले, खाली पातळ पातळ ढलप्या पडल्या, दार बसलं. हा सगळा वेळ मी पाचवा डबा धरून उभा होतो.

जाताना त्यांनी सुतारशाळा बघितली. चप्पल काढून आत गेले.

"लय भारी हाय की ओ, साहेब. काय काय बनवता हितं?"

मी रॅक दाखवला. त्यांनी हात फिरवून बघितला, सांध्याशी बोट जरा थांबलं, पण माणूस सभ्य.

"आन् रॅकावर काय ठिवता?"

"हत्यारं."

"आन् हत्यारं कशाला?"

"रॅक करायला."

ते काही बोलले नाहीत. चहा घेतला. मग वरची फळी दिसली, तेव्हा म्हणाले, "चौरंगाची हाय म्हणं. द्या की, दोन तासांत करून देतो, मजुरीबी नको." असे प्रसंग छंदिष्टाच्या आयुष्यात येतात. मन घट्ट करावं. निमित्त एकदा पुरं झालं की माणूस उघडा पडतो. मी त्यांना खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेला यायचं आमंत्रण दिलं आणि विषय बदलला. ते आले. माझे सव्वीस डबे उघडून मांडलेले, प्रत्येकावर झेंडू. त्यांनी पिशवीतून आपला रंधा काढून कडेला ठेवला. दोन्ही बाजूंनी तळव्यांनी झिजून त्याला कंबर आलेली. त्यावरही मी एक फूल ठेवलं. माझ्या एकाही हत्याराला अजून कंबर आलेली नाही. फोम चांगला आहे.

सहावी पायरी : चौरंग

चतुर्थीच्या आदल्या रात्री चौरंग तयार नसतो, हे गृहीत धरून चालावं. घाबरू नये. मोठे दोन डबे एकावर एक ठेवून खटका दाबावा, वर घडीची सोलापुरी चादर, फुलाफुलांची बाजू पुढे. गणपती असा काही शोभून दिसला, की आलेल्या प्रत्येकाने आरास नावाजली. आरती झाल्यावर निरांजन हातात घेऊन सौ. हळूच म्हणाली, "अहो, चौरंगापेक्षा हे बरं दिसतंय." सहा वर्षांत सुतारशाळेतल्या वस्तूबद्दल तिने काढलेला हा पहिला चांगला शब्द. मखराची एक पट्टी सुटली होती, ती तेवढी दहा दिवस लोंबत राहिली. ड्रिल मूर्तीखालच्या डब्यात होतं.

गौरी मात्र गेल्या वर्षी स्टुलांवरच उभ्या राहिल्या. ज्येष्ठेचं स्टूल उंच, कनिष्ठेचं ठेंगणं, आणि दोन्ही डुगडुगणारी. माहेरवाशिणींना असं उभं करणं बरं दिसत नाही. दोन डबे मागवले आहेत. पाणी गुरुवारी आहे.