घाट सोपा, ट्रॅक अवघड

जानेवारी २०२६मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ने देशोदेशीच्या सायकलपटूंना मुळशी-मावळ, पुरंदरच्या चढ-उतारांतून ४३७ किलोमीटर पळवले. त्यासाठी रस्ते असे गुळगुळीत झाले की, खड्ड्यांच्या तक्रारी करून थकलेला पुणेकर चक्रावला. अर्ज बहुधा जर्सी घालून द्यायचा असतो!

शहराच्या २०१७च्या सायकल आराखड्यात ८२४ किलोमीटरचे मार्ग होते, म्हणजे शर्यतीच्या जवळपास दुप्पट. कागदावर.

जे जमिनीवर उतरले, तिथे भरदुपारी ओळीने स्टँडवर लावलेल्या दुचाक्या, मध्येच विजेची पेटी, पुढे भेळेची गाडी. सायकलवाला पीएमपीच्या बसमागे धूर खात.

पाहुण्यांना या ट्रॅकवर आणले नाही, ते बरेच. घाट त्यांनी सहज काढला. भेळवाल्याला ‘जरा गाडी बाजूला घेता का?’ म्हणायला वेगळा दम लागतो.