बटनस्टार्ट शेठ

बटनस्टार्ट शेठ हा माणगाव तालुक्यातला अलीकडचा सामाजिक नमुना असून त्याची ओळख त्याच्या गाडीवरून पटते. गाडी पांढरी, सात सीटची, किंमत 40 लाखांच्या घरात. चावी खिशात असली की दार उघडते आणि बटन दाबले की इंजिन चालू होते. शेठ जन्माने शेठ नसतो. दिघी बंदराच्या औद्योगिक क्षेत्रासाठी या पट्ट्यात जमिनी संपादित झाल्या, मुंबई-गोवा महामार्ग रुंद होऊ लागला, आणि पुण्या-मुंबईची मंडळी ताम्हिणीच्या वाटेवर फार्महाऊससाठी गुंठे शोधत हिंडू लागली. त्यातून काही घरांत मोबदला आला, काही घरांत दलाली. पैसे कुठूनही येवोत, आधी बंगला आणि मग गाडी हा क्रम बहुतेक ठिकाणी पाळला जातो. काही ठिकाणी तो उलटला असून तिथे गाडी अजून पत्र्याच्या शेडमध्ये, गवताच्या पेंढ्यांशेजारी उभी असते. गाडी आली, तिला पेणच्या आरटीओचा एमएच 06 आणि पुढे पसंतीचा नंबर लागला, की कालपर्यंतचा 'बाळ्या' टपरीवर 'या शेठ' होतो.

सुरुवातीला शेठला भीती असते ती फक्त ओरखड्याची. पुढे व्हॉट्सअॅपवर एक चित्रफीत येते. परदेशातला कुठला तरी बंगला, मध्यरात्र, दोन माणसे. एक दाराशी पिशवी घेऊन उभा, दुसरा गाडीजवळ. मिनिटभरात काच न फोडता, कुलूप न तोडता गाडी जाते. शेठ ती चित्रफीत चार गटांवर पाठवतो आणि त्या रात्रीपासून त्याची झोप उडते.

चित्रफितीत दिसते ते खोटे नसते. अशी गाडी दाराच्या मुठीला हात लागताच कमी वारंवारतेचा एक क्षीण संदेश सोडते. तो जेमतेम मीटर-दोन मीटर जातो. तेवढ्या अंतरात चावी असली तर ती जागी होऊन उत्तर पाठवते. म्हणजे गाडीची समजूत साधी आहे: उत्तर आले, अर्थात मालक जवळ आहे. चोर नेमका याच समजुतीचा फायदा घेतात. एक जण घराच्या भिंतीला टेकून आत टेबलावर पडलेल्या चावीपर्यंत गाडीचा संदेश पोहोचवतो, चावीचे उत्तर दुसऱ्याच्या यंत्रातून गाडीला मिळते. सांकेतिक लिपी कितीही अवघड असली तरी इथे ती फोडावीच लागत नाही, फक्त निरोप इकडचा तिकडे करायचा. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये 8 कंपन्यांच्या 10 गाड्यांवर हा प्रयोग केला. दहाच्या दहा उघडल्या आणि चालू झाल्या. एकदा चालू झालेले इंजिन चावी दूर गेली म्हणून बंद पडत नाही. गाडी नुसती पीं-पीं करते. धावत्या गाडीचे इंजिन अचानक थांबणे जिवावर बेतेल म्हणून ही व्यवस्था केलेली आहे, आणि चोरांना ती फार सोयीची पडते.

विलायतेत या चोऱ्या इतक्या वाढल्या की लंडनच्या रेंज रोव्हरवाल्यांना विमा मिळणे मुश्कील झाले. शेवटी गाडी बनवणाऱ्या जेएलआरने, म्हणजे पर्यायाने आपल्या टाटा मोटर्सच्याच कंपनीने, ऑक्टोबर 2023 मध्ये स्वतःची विमा योजना काढली. ही बातमी शेठला तोंडपाठ असते आणि ती सांगताना आवाजात काळजीपेक्षा समाधान जास्त असते. लंडनचा लॉर्ड आणि माणगावच्या मोर्बा रोडचा आपण, दोघांना एकच ताप. चोराने नेण्याजोगी वस्तू आपल्याकडे आहे हे चारचौघांत सांगण्याची याहून सभ्य रीत नाही. जुन्या पिढीत हेच काम बायकोच्या दागिन्यांविषयीची चिंता करत असे.

मग उपाय सुरू होतात. पहिला मान स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्याला. धातूच्या बंद पेटीत बाहेरच्या विजेचा परिणाम पोहोचत नाही हे मायकेल फॅरेडेने 1836 मध्ये दाखवले होते, आणि लहरींचेही तसेच; त्यामुळे रव्याचा डबा रिकामा होतो, रवा पिशवीत जातो आणि चावी डब्यात. वहिनींचे म्हणणे असे की फॅरेडेला त्याचा डबा वापरायचा होता. शिवाय डब्याचे झाकण सैल असेल तर उपाय वाया जातो. चावी डब्यात घालून डबा गाडीपाशी न्यायचा आणि दाराची मूठ ओढायची, एवढी परीक्षा पुरेशी आहे. दार उघडले तर डबा बदलावा. बहुतेक शेठ ही परीक्षा घेत नाहीत. काही चाव्या तर मुळातच झोपवता येतात: टोयोटाच्या स्मार्ट चावीवर लॉकचे बटन दाबून धरून अनलॉक दोनदा दाबले की ती कोणाच्याही संदेशाला उत्तर देत नाही, पुन्हा एखादे बटन दाबेपर्यंत. ही माहिती गाडीसोबत आलेल्या पुस्तकात असते. पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, सील न फोडलेले.

त्यानंतर स्टिअरिंगला पिवळा दांडा लागतो, सीटखाली जीपीएस जातो, पोर्चमध्ये चार कॅमेरे बसतात आणि त्यातले दोन शेजाऱ्याच्या अंगणाकडे बघतात. यातला दांडा खरोखर उपयोगी आहे, कारण लहरींनी तो निघत नाही. आपल्याकडच्या टोळ्यांना भिंतीला कान लावण्याची गरजही फारशी पडत नाही. दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या काही टोळ्यांकडे टॅबलेटसारखी यंत्रे सापडली. ती गाडीच्या तपासणी-सॉकेटला जोडून नवी चावीच तयार करायची. तिथे रव्याच्या डब्याचा उपयोग शून्य.

माणगावात मात्र दोन्ही पद्धतींना स्थानिक अडचणी आहेत. वाडीत रात्री दोन वाजता पिशवी घेऊन भिंतीला टेकलेल्या अनोळखी माणसावर आधी कुत्री भुंकतात, मग पडवीतून एखादी म्हातारी विचारते, "कोण रं तो? कुणाकडं आलास?" याला उत्तर देणारे यंत्र अजून निघालेले नाही. त्यातून गाडी निघालीच, तरी ती माणगावच्या बाजारपेठेतून बाहेर पडली पाहिजे. बाह्यवळण वर्षानुवर्षे रखडल्यामुळे शनिवारी, रविवारी आणि गणपतीत महामार्गावरची वाहने एसटी स्टँडपासून मुंगीच्या पावलांनी सरकतात. गाडी उघडायला एक मिनिट आणि गाव ओलांडायला एक तास, हा हिशेब कुठल्याही धंद्याला परवडणारा नाही.

शेठच्या स्वभावातली खरी गंमत दिवसाउजेडी दिसते. रात्री डब्यात बंद होणारी चावी सकाळी गाडीतच असते आणि इंजिन चालू असते, कारण एसी बंद केला तर गाडी तापते. शेठ टपरीवर मिसळ खात पाठीमागे न बघता इंग्लंडमधल्या चोऱ्यांची माहिती देत असतो. इथे चोराला ना यंत्र लागत, ना जोडीदार.

आणि विमा कंपनी बघते ते हेच. पॉलिसीत गाडीची वाजवी काळजी घेण्याची अट असते. चावी आत ठेवून वाहन सोडले म्हणून दावे नाकारले गेले आहेत. अशाच एका ट्रकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये मालकाला रक्कम मिळवून दिली, पण 75 टक्केच. मिसळीची किंमत त्या हिशेबाने काही लाख पडते.

विम्याविषयी शेठचे ज्ञान 'फुल इन्शुरन्स हाय आपला' या वाक्यात संपते. कायद्याने सक्तीचा असतो तो फक्त त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा. त्यात चोरीचा पैसाही मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात मिळतो, तोही घोषित मूल्याइतका, ज्याला एजंट आयडीव्ही म्हणतात. गाडी दोन वर्षांची झाली की हे मूल्य कंपनीच्या विक्री किमतीच्या 30 टक्क्यांनी, तीन वर्षांची झाली की 40 टक्क्यांनी खाली येते. म्हणजे 40 लाखांची गाडी अडीच वर्षांनी गेली तर हाती 28 लाख. रोड टॅक्स, पसंतीचा नंबर, नंतर बसवलेले स्पीकर आणि चाके यांचा त्यात हिशेब नसतो. जादा सामान पॉलिसीत वेगळे नोंदवले तरच धरतात. पूर्ण बिलाची रक्कम परत मिळावी म्हणून 'रिटर्न टू इन्व्हॉइस' हे जोडकलम घ्यावे लागते आणि ते साधारण गाडी नवी असतानाच मिळते. ते घेण्याच्या वेळी शेठने हप्ता वाचवलेला असतो. उलट, एआरएआय या पुण्यातल्या वाहन संशोधन संस्थेने मान्य केलेले चोरीविरोधी उपकरण बसवले तर सवलत मिळते हे त्याला नक्की ठाऊक असते. ही सवलत स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के आणि जास्तीत जास्त 500 रुपये आहे. ती मिळवण्यासाठी पुण्याला मारलेल्या फेरीत डिझेल किती जळाले हे विचारू नये.

कोकणात गाडीला चोरापेक्षा पाण्याचा धोका मोठा, हेही इथे सांगायला हवे. 22 जुलै 2021 ला महाड बुडाले, आणि महाड माणगावपासून हाकेच्या अंतरावर आहे. पाणी शिरलेले इंजिन चालू करून बघितले आणि ते गेले, तर इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम असल्याशिवाय भरपाई सहसा मिळत नाही. मात्र पुराची चित्रफीत शेठ कोणाला पाठवत नाही, कारण पुरात रिक्षाही बुडते.

गाडी खरोखर गेलीच, तर पहिले काम पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवणे, आणि ते लगेच. सध्या तो भारतीय न्याय संहितेच्या 303 कलमाखाली नोंदतात. मग विमा कंपनीला आणि आरटीओला कळवायचे. गुन्हा ताबडतोब नोंदवला असेल तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये दिला आहे. शेठचा क्रम वेगळा असतो: आधी आमदारांच्या पीएला फोन, मग गटावर फोटो, मग एजंट, आणि संध्याकाळी ठाणे. तपास लागला नाही तर पोलीस न्यायालयात 'ए समरी' अहवाल देतात. तो मंजूर झाल्यावर कागद पुढे सरकतात. आरसी, हस्तांतरणाचे फॉर्म, कर्ज असेल तर बँकेचे ना हरकत पत्र. कंपनीने तरीही नकार दिला तर जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे.

या सगळ्या कागदांबरोबर कंपनी गाडीच्या दोन्ही मूळ चाव्या मागते. एक नसेल तर ती कुठे गेली याचा खुलासा द्यावा लागतो, आणि बरेच दावे तिथेच अडकून पडतात. पहिली चावी रव्याच्या डब्यात आहे हे आळीत सर्वांना माहीत असते. दुसरी बहुधा पुण्यात शिकणाऱ्या भाच्याकडे राहिलेली असते, किंवा गाडी पहिल्यांदा धुवायला दिली त्या दिवसापासून दिसलेली नसते. ज्या वाचकांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांनी डबा नंतर घ्यावा, आज आधी दुसरी चावी शोधावी.