ऑटो स्विचरावांना कारणे दाखवा नोटीस

श्री. ऑटो स्विचराव,
मु. मोटारीची पेटी, नाल्याकाठचा बांध, शिवार इस्लापूर, ता. किनवट, जि. नांदेड

स. न. वि. वि.

दरवर्षी 14 डिसेंबर आला की ऊर्जा बचतीचा सप्ताह सुरू होतो आणि पत्रकात शेवटी कुठंतरी तुमचं नाव निघतं. शेतकऱ्यांनी ऑटो स्विच काढावेत, कपॅसिटर बसवावेत. दोन ओळींत तुमची बडतर्फी! देशात 2001 साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला, पुढं फ्रिजला तारे लागले, एसीला तारे लागले. तुम्हाला कुणी अर्धा ताराही दिला नाही. म्हटलं, काढून टाकण्याआधी निदान नोटीस तरी द्यावी.

थ्री फेज लाईट आली रे आली की तुम्ही खट्ट करून मोटार उठवता. शिवारातले तुमचे सगळे भाऊबंदही त्याच क्षणाला. उठताना मोटार एरवीच्या पाच-सहा पट करंट ओढते. एका डीपीवरच्या वीस-पंचवीस मोटारी एका दमात उठल्या की डीपी बसतो. तुम्ही पेटीत असता, म्हणून तुम्हाला पुढचं दिसत नाही. तेल गळून काळा पडलेला डीपी, खाली करपलेलं गवत आणि भोवती वर्गणी काढायला जमलेले आम्ही. डीपी न्यायला ट्रॅक्टर कुणाचा आणि डिझेल कुणाचं, यावर अर्धा तास.

आता आपलं घरचं. गेल्या रब्बीत तुम्ही रात्री मोटार चालू केलीत तेव्हा मी घरी घोरत होतो. पाइप सांध्यातून निसटलेला. सकाळी जाऊन बघतो तर निम्म्या हरभऱ्यात घोटाभर पाणी, उरलेलं गाडीवाटेनं नाल्याकडं निघालेलं. पाच एचपीची मोटार तासभर चालली म्हणजे 9 वॅटचे चारशेच्या वर बल्ब तासभर जळाले. तुम्ही पाच तास चालवलीत. आणि मी त्या रात्री झोपताना ओसरीवरचा बल्ब आठवणीनं बंद केला होता, ऊर्जा बचत म्हणून.

तुमची बाजू मलाच मांडावी लागणार, तुम्हाला खट्टपलीकडं बोलता येत नाही. कृषिपंपाची लाईट कधी दिवसपाळीला, कधी रात्रपाळीला. रात्रपाळी लागली की बॅटरी, काठी, गमबूट. आमच्याकडची रानडुकरं लाईटचं वेळापत्रक वाचत नाहीत, साप तर नाहीच नाही. तुम्ही बांधावर होतात म्हणून कितीतरी रात्री मी अंथरुणात होतो. बचतीचं पत्रक दिवसा लिहितात, पंख्याखाली. त्यांचं चुकतं असंही नाही. पण माणूस रात्री दोनला पेटीपाशी का जात नाही, ते पत्रकात येत नाही.

शिवाय एप्रिल 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकारनं माफ केलंय. बिलच नाही तर वाचवायचं काय, असं मीही पारावर बोलून आलो. पण लाईट फुकट झाली म्हणून विहिरीला झरे फुटत नाहीत. पावसाळ्यात सहस्रकुंडाला पैनगंगा गर्जते, लोक फोटो काढायला येतात; मार्च लागला की आमची विहीर दोन तासांत तळ दाखवते. आणि पाणी ओढणारी मोटार कोणती, कोरडी फिरणारी कोणती, हे तुम्हाला आजवर कळलेलं नाही. मागच्या उन्हाळ्यात मोटार तुम्ही जाळलीत, भरून आणली मी.

दिवसा सौर विजेची वाहिनी येणार म्हणतात. ती आमच्या डीपीपर्यंत आली की तुमचा सत्कार करून निरोप देऊ, शाल आणि नारळ.

तूर्त स्क्रू ड्रायव्हर घेऊन पेटीपाशी आलो होतो. दोन स्क्रू काढलेही. मग आठवलं, आजपासून रात्रपाळी. स्क्रू परत पिळलेत. आपल्या बडतर्फीला दिवसपाळी लागेपर्यंत स्थगिती देण्यात येत आहे.

आपला,
एक कृषिपंपधारक

ता. क. पाइपाचा सांधा तारेनं आवळलाय. आज जरा दमानं घ्या.