पुढे कौलं, मागे स्लॅब

मे महिना आला की कोकणातल्या जुन्या घरांना धडकी भरते. चाकरमानी येतात, आंबे चापतात, ओटीवर बसून घराकडे टक लावून बघतात आणि म्हणतात, "मागच्या अंगाला थोडं वाढवू या."

थोडं म्हणजे किती? दोन खोल्या, दोन अटॅच्ड बाथरूम, वर स्लॅब. स्लॅबवरून म्हणे समुद्र दिसेल. गुहागर-मुरुडकडची जुनी घरं रस्त्याला तोंड करून उभी असतात. मागे नारळी-पोफळीची वाडी आणि तिच्यापलीकडे समुद्र. आजोबांना काय सी-व्ह्यू कळत नव्हता? कळत होता. वाराही कळत होता.

आर्किटेक्ट पुण्याचा. त्याच्या थ्रीडी चित्रात आकाश कायम निळंशार. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरवर पाऊस कोसळतो, हे त्या सॉफ्टवेअरला कोणी सांगायचं?

घोटाळा होतो तो सांध्यावर. कौलांचं पाणी पूर्वी पागोळ्यांनी निमूट अंगणात पडायचं. आता ते थेट नव्या भिंतीवर येऊन आपटतं. मग तिथे पत्र्याची पन्हळ. पन्हळीत फणसाची पानं, नारळाचा कचरा, एखादा मेलेला उंदीर. जुलैत ती तुंबते आणि पाणी माजघरात उतरतं. गवंडी येतो, वर बघतो, खाली बघतो, तंबाखू मळतो आणि निदान सांगतो: "पाऊस उघडला की बघू."

पाऊस उघडला की गवंडी दिसत नाही.

पुढे वॉटरप्रूफिंग, मग वॉटरप्रूफिंगचं वॉटरप्रूफिंग आणि शेवटी स्लॅबवर पत्र्याची शेड. म्हणजे उतरतं छप्पर आलंच की पुन्हा! समुद्रही दिसतो, पत्र्याखाली वाकून बघायचा.

त्यात खारं वारं. किनाऱ्यावरच्या काँक्रीटसाठी आयएस 456 हे आपलं मानक किमान एम 30 दर्जा आणि सळईवर 45 मिलिमीटर कव्हर सांगतं. साइटवर काय असतं? सळईखाली सरकवलेली खडी आणि वर "काय होत नाय, साहेब". मग सळई गंजते, फुगते आणि काही वर्षांत स्लॅबचे पोपडे जेवणाच्या ताटात पडतात.

पलीकडच्या पार्टीचे शहाणेही कमी नाहीत. "घराला हात लावू नका, वारसा आहे," असं हे ठाण्याच्या विसाव्या मजल्यावरून बजावतात. ज्या मंगलोरी कौलांसाठी यांचा कंठ दाटून येतो, त्यांचा पहिला कारखाना बासेल मिशनच्या प्लेब्स्ट नावाच्या जर्मनाने 1865 मध्ये मंगळुरात काढला. त्याआधी नळ्याची कौलं, नाहीतर पेंढा. म्हणजे पणजोबांनीही बाजारातला नवा माल आणून घर मॉडर्न केलंच होतं. फक्त उतार सोडला नव्हता.

आणि ऐंशीच्या आजीने भर पावसात, बॅटरी घेऊन, रात्री परसदारी जायचं, हा कुठला वारसा? संडास घरात हवाच. त्यासाठी गच्ची कशाला हवी, एवढंच विचारायचं आहे.

समुद्राला लागून घर असेल तर कायद्याची गंमत वेगळी. ना-विकास पट्ट्यातलं जुनं अधिकृत घर दुरुस्त करा, पाडून पुन्हा बांधा. जोतं मात्र इंचभरही वाढवायचं नाही. हा पट्टा गावांकडे भरतीरेषेपासून 200 मीटरचा. 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेने तो दाट वस्तीसाठी 50 मीटरवर आणायची सोय केली. दाट म्हणजे 2011 च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला 2161 हून जास्त माणसं. आता एवढी माणसं कोकणातल्या गावाने आणायची कुठून? ती तर मुंबईला.

परवानगीचं जमलं तरी सातबारा आ वासून बसलेला. त्यावर डझनभर नावं, निम्मी देवाघरी गेलेल्यांची. उरलेल्यांपैकी कोणी कौलं शाकारायला वीस वर्षांत फिरकलेलं नसतं. पण मागे चिऱ्यांचा ट्रक उतरला, की चौथ्या दिवशी बोरिवलीहून फोन: "आमच्या वाट्यात तर येत नाही ना?"

एवढं करून खोल्या उभ्या राहतात आणि राहतं कोण? घरचे गणपतीत पाच दिवस. उरलेलं वर्ष होमस्टे. अस्सल कोकणी अनुभव, एसीसकट.

पाहुण्यांना तर जुनं हवं! मग नव्या सिमेंटच्या भिंतीवर जांभ्या दगडासारखी दिसणारी टाइल चिकटवतात. पुढच्या घराचा खराखुरा जांभा? त्याला कधीच प्लास्टर करून पिस्ता कलर मारलाय.