स्वस्तातली एसएसडी : शास्त्रोक्त निवडविधी

संगणक सुरू करून, आंघोळ उरकून, चहा घेऊन आल्यावरही पडद्यावरचे चक्र फिरतच असेल, तर आपण या मार्गदर्शनास पात्र आहात. आपल्या संगणकात अजून जुनी हार्ड डिस्क आहे. तिची तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि हवी ती माहिती हेडखाली येईपर्यंत प्रोसेसर हात बांधून उभा राहतो. एका खेपेची ही प्रतीक्षा दहा-पंधरा मिलिसेकंदांचीच. पण विंडोज सुरू होताना अशा खेपा हजारोंनी होतात. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने तेच काम मिलिसेकंदाच्या किरकोळ अंशात होते. थोडक्यात, कोणतीही बरी एसएसडी बसवली की चहा गरम असतानाच संगणक तयार असतो.

परंतु अर्ध्या तासात एसएसडी घेऊन घरी येणाऱ्या माणसाला आपल्याकडे उधळ्या म्हणतात. जबाबदार गृहस्थाने पुढील विधी क्रमाने करावा.

पायरी पहिली : काय बसते ते पाहू नये

एसएसडी ढोबळमानाने तीन प्रकारची मिळते. अडीच इंची साटा ही जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कच्या जागी बसते. दुसरी आणि तिसरी दिसायला सारख्याच, च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या. दोघींना एम डॉट टू म्हणतात. २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, म्हणून कपाळावर २२८० हा आकडा. मात्र एक आतून साटा असते, दुसरी एनव्हीएमई. काही मदरबोर्डांच्या खाचेत दोन्ही चालतात, काहींत एकच, आणि बऱ्याच जुन्या यंत्रांत ती खाचच नसते. मॅन्युअल उघडले की हा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. म्हणून ते उघडू नये. आधी वस्तू घ्यावी, मग भाच्याला बोलवावे.

एम डॉट टू पट्टी खाचेत घातल्यावर तिरकी उभी राहते. तिला आडवी दाबून धरायला एक बारीकसा स्क्रू लागतो. तो मदरबोर्डबरोबर आला होता आणि आपण तो नीट सांभाळून ठेवला होता. आता तो मिळणार नाही.

पायरी दुसरी : खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा पाठ करावा

साटाची धाव सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत. त्यापुढे साटाची जोडणीच जाऊ देत नाही. एनव्हीएमई जेन ३, म्हणजे तिसऱ्या पिढीची, असेल तर सुमारे ३,५०० आणि जेन ४ असेल तर ७,००० पर्यंत. हे आकडे लग्नकार्यात वगैरे मोठ्याने सांगता येतात.

५ जीबीचा सिनेमा वाचायला साटाला नऊ सेकंद लागतात, जेन ३ ला दीड. साडेसात सेकंदांची ही बचत निर्विवाद आहे. फक्त तो सिनेमा सेकंदाला ३० एमबी देणाऱ्या पेनड्राइव्हवरून येत असेल, तर दोघींनाही पावणेतीन मिनिटे पेनड्राइव्हचे तोंड बघत बसावे लागते.

चाचणीच्या तक्त्यात तळाशी एक बारकी ओळ असते : फोर के रँडम, एका वेळी एकच मागणी. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेले लहान लहान तुकडे वाचणे. ब्राउझर, टॅली आणि खुद्द विंडोज दिवसभर बहुतांशी हेच करत असतात. इथे हजारांची भाषा बोलणाऱ्या स्वस्त एसएसडी सेकंदाला दोन अंकी एमबींवर उतरतात आणि साटा-एनव्हीएमईतले अंतर पुष्कळ मिटते. हार्ड डिस्कला मात्र इथे एक एमबी गाठतानाही धाप लागते. ही ओळ वाचली की महागड्या आकड्यावरची श्रद्धा डळमळते. सबब, तक्ता वरूनच वाचून मिटावा.

पायरी तिसरी : अक्षरांचे पाठांतर करावे

एसएसडीच्या चिपेतल्या एका पेशीत एक बिट ठेवला तर एसएलसी, दोन ठेवले तर एमएलसी, तीन तर टीएलसी, चार तर क्यूएलसी. चार बिटांसाठी त्याच इवल्याशा पेशीत विजेच्या भाराच्या १६ पातळ्या ओळखाव्या लागतात. दाटी वाढते तशी किंमत उतरते; लिहिण्याचा वेग आणि टिकाऊपणाही उतरतो.

हे झाकायला कंपन्या पेशींचा एक भाग एसएलसीसारखा वापरतात. ही एसएलसी कॅश म्हणजे घरातली बाहेरची खोली : पाहुण्यांना तेवढीच दाखवायची, सगळा झगमगाट तिथेच. सामान जास्त आले आणि ती भरली, की खरे घर दिसते. मोठी फाइल लिहिताना काही क्यूएलसी ड्राइव्ह या टप्प्यावर जुन्या हार्ड डिस्कपेक्षाही मंद होतात. रोज व्हिडिओचे ढीग हलवणाऱ्याने हे लक्षात घ्यावे. पत्रे टाइप करणाऱ्याला ते जन्मात कळणार नाही.

आत टीएलसी आहे की क्यूएलसी हे खोक्यावर सहसा छापत नाहीत, म्हणून परीक्षणे वाचावी लागतात. पण २०२१ मध्ये क्रुशियलच्या पी२ मध्ये टीएलसीच्या जागी क्यूएलसी आली आणि नाव तेच राहिले. त्याच वर्षी वेस्टर्न डिजिटलच्या एसएन५५० मधल्या चिपा बदलल्या आणि कॅश भरल्यानंतरचा वेग घसरला. म्हणजे परीक्षण एकाचे आणि हातात आलेली वस्तू दुसऱ्याच गुणांची, असे होऊ शकते. यावर उपाय ताजे परीक्षण वाचणे हा आहे. जुने परीक्षण मात्र अधिक सविस्तर असते, तेव्हा तेच वाचावे.

स्वस्त ड्राइव्हमधून, कोणता तुकडा कुठे ठेवला याची नोंद सांभाळणारी डीरॅमची चिपही अनेकदा वगळलेली असते. तशी एनव्हीएमई संगणकाच्या रॅममधून थोडी जागा उसनी घेऊन वेळ निभावते. साटाला ही उधारी मिळत नाही.

पायरी चौथी : तिच्या आयुष्याची काळजी करावी

'लिहून लिहून एसएसडी संपते' हे वाक्य कोणीतरी सांगितलेले असतेच. ते खरे आहे. ५०० जीबीच्या साधारण टीएलसी ड्राइव्हवर कंपनी सुमारे ३०० टीबी लेखनाची हमी देते. रोज २० जीबी लिहिले तर ही हमी ४१ वर्षांत संपेल. ५१२ जीबीच्या एखाद्या क्यूएलसीवर ती १०० टीबीच असते. तिथे साडेतेराच वर्षे. वॉरंटी मात्र तीन किंवा पाच वर्षांची, किंवा लेखनाचा आकडा गाठेपर्यंत, जे आधी होईल ते. उरलेल्या वर्षांची चिंता रात्री, अंथरुणावर करावी.

पायरी पाचवी : बाजारात जावे

मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोड गाठावा, पुणेकरांनी तपकीर गल्ली. 'साहेब, डोळे झाकून घ्या' असे दुकानदार म्हणाला, की डोळे उघडावेत. बिलाशिवाय थोडे कमी होतील असेही तो सांगेल; जीएसटीचे १८ टक्के वाचवल्याच्या आनंदात वॉरंटी तिथेच सोडून यावे.

त्याहून धाडसी वाचकांसाठी ऑनलाइन १६ टीबीची 'एसएसडी' जेवणाच्या बिलाएवढ्या किमतीत दिसते. आत बहुधा एक मेमरी कार्ड असते, ज्याला खोटी क्षमता सांगायला शिकवलेले असते. खरी जागा भरली की नव्या फायली जुन्यांच्या उरावर बसतात. एचटूटेस्टडब्ल्यू हे फुकट साधन ड्राइव्ह पूर्ण भरून, परत वाचून, ही लबाडी उघडी पाडते. ते परताव्याची मुदत संपल्यावर चालवावे.

अस्सल ५०० जीबी बसवल्यावर विंडोज ४६५ दाखवते. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. चोरी कोणीच केलेली नाही. तरी दुकानात जाऊन भांडून यावे, मन हलके होते.

पायरी सहावी : बॅकअप उद्या घ्यावा

हार्ड डिस्क मरण्यापूर्वी अनेकदा टकटक करून निरोप देते. एसएसडीचा कंट्रोलर गेला, तर ती सकाळी नुसती दिसेनाशी होते. आणि पुसलेली फाइल परत मिळवणेही अवघड, कारण ट्रिम नावाची आज्ञा रिकाम्या झालेल्या जागा साफ करायला सांगून मोकळी होते. लग्नाचे फोटो एकाच ठिकाणी ठेवणाऱ्याची ही गैरसोय कोणतेही मॉडेल दूर करत नाही.

घाईतल्या वाचकांसाठी

संपूर्ण विधी ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी, नाइलाजाने : मदरबोर्डात बसणारी, माहितीतल्या कंपनीची, शक्यतो टीएलसी, ५०० जीबी, शक्यतो पाच वर्षे वॉरंटी, पक्के बिल, आणि महत्त्वाच्या फायलींची दुसरीकडे एक प्रत. एवढे पाहिले की काम अर्ध्या तासात उरकते. वाचलेल्या वेळाचे काय करावे, हा प्रश्न प्रस्तुत मार्गदर्शनाच्या कक्षेत येत नाही.